धंद्याचा नंबर वेगळा, घरचा वेगळा

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहते. तीन वर्षांपासून घरूनच शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकते. भाच्याने इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर पेज काढून दिलं. तो आता नोकरीसाठी पुण्याला गेला. सगळीकडे नंबर माझा नेहमीचाच दिलाय. गेल्या महिन्यात कुणीतरी आमचेच फोटो लावून हुबेहूब खातं काढलं आणि दोन गिऱ्हाइकांकडून आगाऊ पैसे घेतले. व्हॉट्सॲपवर १८० गिऱ्हाइकांचा ग्रुप आहे. त्यातल्या एका माणसाने दोन बायकांना परस्पर मेसेज केले, त्या माझ्यावर चिडल्या. रात्री अकरालाही फोन येतात. परवा ‘तुम्ही कॉपीराइट मोडला, २४ तासांत पेज बंद होईल’ असा मेसेज आला. घाबरून लिंक उघडली. पासवर्ड टाकला की नाही, नीट आठवत नाही. घरचे म्हणतात, सगळं बंद कर. पण निम्म्या ऑर्डरी तिथूनच येतात. काय करू?

उत्तर :

ताई,

बंद काही करू नका. तुमचं खातं गेलं तर तोतयाचं तेवढं उरेल, आणि तुम्हाला शोधत आलेलं गिऱ्हाईक त्याच्याच दारात जाईल. पत्रात तक्रारी पाच आहेत, पण मूळ एकच आहे : घर, धंदा आणि भाचा हे तिन्ही एकाच गाठोड्यात बांधलेत. ते सोडवायला पंधरा दिवस लागतील. पासवर्डाचं मात्र आज, हे वाचून झाल्याबरोबर करायचं.

टाकला की नाही हे आठवत नाही, म्हणजे टाकला असंच धरा. भाच्याला फोन लावा. कारण खात्याला ईमेल आणि मोबाइल त्याचा असणार, आणि पासवर्ड बदलायचा कोड त्याच्याकडेच जाणार. तो फोनवर असतानाच पुढचं करा, आणि क्रम मोडू नका. इन्स्टाग्राममध्ये प्रोफाइलवर वरच्या तीन रेघा, मग ‘अकाउंट्स सेंटर’, तिथे ‘पर्सनल डिटेल्स’. आधी तुमचा ईमेल घाला, आलेला कोड टाकून पक्का करा. मग तुमचा मोबाइल. हे दोन्ही पक्के झाल्यावरच भाच्याचे काढा. उलट केलंत तर मधल्या मिनिटाला खात्याला मालकच उरत नाही. तिथेच बघा, तुमचा नाही आणि भाच्याचाही नाही असा तिसराच ईमेल तर दिसत नाही ना. चोर आत आला की पहिलं काम हेच करतो : स्वतःचा पत्ता घालून ठेवतो, म्हणजे तुम्ही पासवर्ड बदलला तरी तो परत आत येतो.

त्यानंतर ‘पासवर्ड अँड सिक्युरिटी’मध्ये जाऊन पासवर्ड बदला. दुकानाचं नाव आणि १२३ असा नको, तो कुणीही ओळखतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या. मग ‘व्हेअर यू आर लॉग्ड इन’ उघडून तुमचा फोन सोडून बाकी सगळी उपकरणं बाहेर काढा. शेवटी ‘टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन’, म्हणजे पासवर्डासोबत आणखी एक कोड मागायची सोय, सुरू करा. त्यात एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे तो कोड फोनातच तयार करून दाखवणारं ॲप, निवडा. सिम बंद पडलं किंवा कुणी त्या नंबरचं दुसरं सिम काढलं तरी ॲपमधला कोड तुमच्याच फोनात राहतो. ते सुरू केलं की काही बॅकअप कोड मिळतात. ते वहीत लिहून गॅसच्या पुस्तकासोबत कपाटात ठेवा. फोन हरवला तर आत जायला तेवढीच किल्ली असते, आणि बहुतेक लोक त्यांचा फोटो काढून त्याच फोनात ठेवतात.

आता तो कॉपीराइटचा मेसेज. खात्यावरची खरी कारवाई ॲपमध्ये ‘अकाउंट स्टेटस’मध्ये दिसते आणि इन्स्टाग्रामने खरंच ईमेल पाठवला असेल तर ‘पासवर्ड अँड सिक्युरिटी’तल्या ‘रीसेंट ईमेल्स’मध्ये मागच्या १४ दिवसांचे ईमेल सापडतात. तिथे नसेल तर तो खोटा. ‘हेल्प सेंटर’ असं नाव लावलेल्या कुठल्या तरी खात्यावरून साध्या मेसेजमध्ये आलेली धमकी तर खोटीच. त्यातली २४ तासांची मुदत तुमच्यासाठी असते, कारण घाई झाली की माणूस लिंकमधला पत्ता वाचत नाही. खातं खरं असल्याची निळी खूण (ब्लू टिक) विकणाऱ्यांचंही तेच. ती सशुल्क सेवा थेट इन्स्टाग्रामकडूनच घेता येते, कुणाच्या यूपीआयवर पैसे पाठवून नाही.

भाच्याचं आणखी थोडं. त्याच्यावर अविश्वास दाखवायचा म्हणून हे नाही. समजा, त्याने कॉलेजातलं सिम रिचार्ज करणं सोडलं. कनेक्शन बंद झाल्यावर ९० दिवसांनी तो नंबर दुसऱ्या कुणाला देता येतो. मग तुमच्या पेजचा कोड त्या अनोळखी माणसाला जाईल. फेसबुक पेजच्या सेटिंगमध्ये ‘पेज ॲक्सेस’ आहे. तिथे भाच्याने तुम्हाला ‘फुल कंट्रोल’ द्यावं. तुम्ही ते तुमच्या फोनात स्वीकारेपर्यंत त्याने स्वतःचं नाव काढू नये. स्वीकारल्यावर भाच्याला पोस्ट टाकण्यापुरतं काम ठेवा. एक पासवर्ड चौघांत फिरवण्यापेक्षा ज्याला त्याला आपापल्या खात्यातून काम दिलेलं बरं. कुणी सोडून गेलं की एका बोटात काढता येतं.

तोतयाचं खातं. तुम्हाला ते दिसतच नसेल तर गोंधळू नका. हे लोक पहिल्यांदा खऱ्या दुकानाला ब्लॉक करतात. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरून उघडा. तक्रार करण्याआधी पुरावा घ्या, कारण खातं उडालं की तोही उडतो. प्रोफाइलची लिंक कॉपी करा, वरून खालपर्यंत सरकवत स्क्रीन रेकॉर्डिंग करा, आणि नावावर दाबून ‘अबाउट धिस अकाउंट’ उघडा. खातं कधी निघालं आणि आधी नाव बदललं होतं का, हे बऱ्याचदा तिथे असतं. मग रिपोर्ट करा : ‘दुसऱ्याचं सोंग घेतलंय’ हे कारण निवडून. ‘सगळ्यांनी रिपोर्ट मारा’ असं आवाहन लोक करतात, पण सोंगाच्या तक्रारीत ज्याचं सोंग घेतलंय त्याच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या तक्रारीलाच खरा अर्थ असतो. तुम्हाला ब्लॉक केलं असेल तर इन्स्टाग्रामच्या मदत केंद्रात यासाठी वेगळा फॉर्म आहे, तो भरा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत अशा तोतया मजकुरावर तक्रार आल्यापासून २४ तासांत कारवाईची मुदत घातली होती. इन्स्टाग्रामच्या तक्रार अधिकाऱ्याने दाद दिली नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं.

पैसे गेलेल्या दोघांची तक्रार तुम्ही करून चालणार नाही. ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याने सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर नोंदवायचं. यूपीआय व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक हाताशी हवा. पैसे गेल्यापासून पहिल्या काही तासांत फोन झाला तर पुढच्या खात्यात ती रक्कम अडवता येते. महिना झाला असला तरी तक्रार करावी, फक्त पैशाची आशा कमी धरावी. तुम्ही त्यांना रेकॉर्डिंग आणि लिंक द्या, आणि तुमच्या बाजूने शहर पोलिसांच्या सायबर ठाण्यात स्वतंत्र अर्ज द्या. दुसऱ्याची ओळख वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली येतं आणि सोंग घेऊन फसवणं ६६ डी खाली. अर्जात ही कलमं लिहिलीत तर बोलणं लवकर मुद्द्यावर येतं.

हे पुन्हा होऊ नये म्हणून एक सवय बदला. पोस्टमध्ये क्यूआर कोडचा फोटो टाकू नका. तोतया तुमची पोस्ट जशीच्या तशी उचलतो आणि फक्त क्यूआर स्वतःचा चिकटवतो. गिऱ्हाइकाला फरक कळणार कसा? ऑर्डर पक्की झाल्यावरच क्यूआर पाठवा. आणि वर पिन केलेल्या पोस्टमध्ये ठळक लिहा : ‘पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी अमुक नाव दिसलं पाहिजे. दुसरं दिसलं तर थांबा.’ ते नाव बँकेतून येतं, चोराला ते हवं तसं लिहिता येत नाही. तोतयाच्या खात्याचं नाव मात्र पोस्टमध्ये टॅग करू नका, बोट लावून लोक तिथेच जातात.

‘सोलापुरी शेंगा चटणी’ या शब्दांवर मालकी सांगता येणार नाही, ते मालाचं आणि गावाचं नाव झालं. पण तुमच्या दुकानाचं स्वतःचं वेगळं नाव असेल तर ट्रेडमार्कचा विचार करा. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जाची फी मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. नोंदणी हातात असली की इन्स्टाग्रामच्या ट्रेडमार्क फॉर्मवरची तक्रार बरीच जोरकस होते.

आता नंबर, कारण निम्मं दुखणं तिथे आहे. तुमच्या त्या एका नंबरला आधार, बँक, गॅस, मुलांची शाळा जोडलेली असणार. तोच पाकिटावर, पेजवर आणि १८० जणांच्या फोनात आहे. यूपीआय ॲपात तो टाकला की कुणालाही तुमचं बँकेतलं नाव दिसतं. अशा वेळी बँकेचा नंबर बदलण्यापेक्षा धंद्याचा बदलणं सोपं. नवं सिम घ्या, फोनाच्या दुसऱ्या खणात घाला आणि व्हॉट्सॲप बिझनेस त्या नंबरावर सुरू करा. साधं व्हॉट्सॲप आणि बिझनेस एकाच फोनात दोन नंबरांवर नीट चालतात. इथे एक चूक हमखास होते : बिझनेस ॲप पहिल्यांदा उघडलं की तुमचा जुना नंबर ओळखून ‘हाच वापरायचा का’ विचारतं. हो म्हटलंत की घरचं सगळं व्हॉट्सॲप उचलून धंद्याच्या ॲपात जाऊन बसतं. ‘दुसरा नंबर’ निवडा. कॅटलॉगला पाकिटांचे फोटो, प्रोफाइलला चटणीचा फोटो, तुमचा नको.

दोन्ही व्हॉट्सॲपना सहा आकडी पिन लावा : सेटिंग्ज, अकाउंट, ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’, सोबत ईमेलही द्या. ‘चुकून तुमच्या नंबरावर माझा कोड आलाय, जरा सांगा’ असं ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या नंबरावरून आलं तरी कोड सांगायचा नाही. त्या गिऱ्हाइकाचं खातं आधीच गेलेलं असतं. खातं गेलंच तर लगेच आपल्या फोनात पुन्हा नोंदणी करा, चोर आपोआप बाहेर पडतो. पण चोराने स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर सात दिवस थांबावं लागतं. संक्रांतीला गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) गर्दीत सात दिवस ऑर्डरी बंद म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. अधूनमधून ‘लिंक्ड डिव्हायसेस’ही उघडून बघा. एका खात्याला फोनशिवाय चार उपकरणं जोडता येतात. भाच्याचा लॅपटॉप अजून तिथे असेल, नाहीतर कधीतरी झेरॉक्सच्या दुकानातला संगणक.

ग्रुपचं ऐका, हे जरा कडू आहे. त्या दोन बायका तुमच्यावर चिडल्या त्यात त्यांची चूक नाही. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, म्हणजे त्यांचे नंबर १८० जणांना तुम्हीच दिलेत, न विचारता. ‘फक्त ॲडमिनच लिहील’ ही सेटिंग केली की काम झालं असं पुष्कळांना वाटतं. त्याने बोलणं बंद होतं, नंबर झाकत नाहीत. त्या माणसाला काढा, त्याने केलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट त्या बायकांकडे राहू द्या. नको म्हटल्यावरही एखादा बाईला मेसेज करत राहिला तर ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलाग ठरतं, मेसेजमधून केला तरी. मग ग्रुप मोडा. त्याजागी दोन वाटा आहेत. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही, उत्तर फक्त तुम्हाला येतं. मेख एवढीच की ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. नवा नंबर सेव्ह करून ‘हो’ असं पाठवा, एवढं सांगितलं की यादीही होते आणि त्यांची संमतीही नोंदली जाते. दुसरी वाट चॅनलची. तिथे फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि तुमचाही दिसत नाही, पण बोलणं एकतर्फी. तुमच्या गिऱ्हाइकांना भाव विचारायची, ‘तिखट कमी घाला’ सांगायची सवय असणार, म्हणून आधी ब्रॉडकास्ट. गिऱ्हाइकं २५६ च्या पुढे गेली की दुसरी लिस्ट.

संमतीचं महत्त्व पुढे वाढणार आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. उद्या कुणी तुमच्या चटणीच्या पातेल्यावर छापा घालणार नाही. पण कुणाचे पत्ते कशासाठी ठेवलेत आणि ‘माझं नाव काढा’ म्हणाल्यावर काढलं का, एवढं नीट ठेवा.

फोटोंबद्दल. रवाना होणाऱ्या पार्सलांची रास काढून टाकायची पद्धत पडलीय, दुकान चालतंय हे दिसतं म्हणून. त्या राशीत वरच्या पार्सलावर गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, मोबाइल स्वच्छ वाचता येतो. पार्सल उलटी करून फोटो काढा. झाकायचंच असेल तर भरीव काळा चौकोन टाका. हायलायटरच्या पेनाने फिरवलेली काळी रेघ अर्धपारदर्शक असते आणि उजेड वाढवला की खालची अक्षरं वर येतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर त्यातलं ठिकाण निघून जातं, पण क्वालिटी राहावी म्हणून ‘डॉक्युमेंट’ करून पाठवला तर कॅमेऱ्याने नोंदवलेलं घराचं ठिकाण त्याच्याबरोबर जातं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच लोकेशन बंद केलेलं बरं. गड्ड्यावर स्टॉल लावलात तर स्टॉलचा नंबर जरूर टाका. ‘आम्ही सगळे संध्याकाळी पाच ते अकरा इथेच’ हे टाकू नका, घराला कुलूप आहे हे त्यातून कळतं.

इथे एक आडवी गोष्ट येते. पत्ता पूर्ण लपवायचा म्हणाल तर कायद्याने ते जमणार नाही. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, १४ आकडी अन्न परवाना क्रमांक आणि तक्रारीसाठी फोन व ईमेल द्यावाच लागतो. तो देणं वेगळं आणि इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये घर नंबर, सोसायटी, गल्ली लिहिणं वेगळं. पाकीट पैसे मोजलेल्याच्या हातात जातं, बायो साऱ्या जगाच्या. त्यामुळे पाकिटावर नवा नंबर आणि धंद्याचा वेगळा ईमेल. पेजवर फक्त ‘जुळे सोलापूर, घरपोच मिळेल’. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो कॅटलॉगमध्ये नको. गूगलच्या नकाशावर दुकान टाकलं असेल आणि गिऱ्हाईक घरी येत नसेल, तुम्हीच पोचवत असाल, तर बिझनेस प्रोफाइलमधून पत्ता काढून त्याऐवजी माल पोचवायचा परिसर भरता येतो. इन्स्टाग्रामचं बिझनेस खातं ‘प्रायव्हेट’ होत नाही हेही ध्यानात असू द्या. म्हणून मुलांच्या वाढदिवसाचे फोटो तिथे नकोत, त्यांना वेगळं घरचं खातं काढा आणि ते ‘प्रायव्हेट’ ठेवा.

फोन दुरुस्तीला टाकायची वेळ आली तर लॉकचा नंबर सांगून मोकळं होऊ नका. सॅमसंगमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणि पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ असतो. तो लावला की कारागिराला फोन तपासता येतो, पण तुमचे चॅट, फोटो, यादी दिसत नाही. ज्यात ही सोय नाही त्यात बॅकअप घेऊन फोन पूर्ण पुसून द्यावा. बॅकअपही उघडा नसावा : चॅट बॅकअपमध्ये ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड’ हा पर्याय आपल्यालाच सुरू करावा लागतो. त्याचा पासवर्ड विसरलात तर कुणीही उघडून देऊ शकत नाही, त्यामुळे तोही त्याच वहीत.

रात्री अकराचे फोन नवा नंबर आला की सुटतील. बिझनेस ॲपमध्ये कामाची वेळ भरा, ‘अवे मेसेज’ला त्या वेळेबाहेर पाठवायचं सांगा : ‘ऑर्डर मिळाली, सकाळी नऊनंतर कळवते.’ मेसेज आला की लोक शांत होतात, बहुतेकांना ऑर्डर पोचल्याची खात्रीच हवी असते. रात्री नऊला दुसरं सिम सेटिंगमधून बंद करा, घरचा फोन चालूच राहतो. जुन्या नंबरावर येणाऱ्यांना दोन-तीन महिने नव्या नंबराची लिंक पाठवत राहावं लागेल, त्याला इलाज नाही.

आणि लेबलं छापायला टाकण्याची घाई करू नका. नवं सिम पंधरा दिवस वापरून बघा. नंबर आधी कुणाचा तरी असू शकतो. त्याच्या नावाने वसुलीवाल्यांचे फोन येत असतील किंवा व्हॉट्सॲपला आधीच कुणाचा पिन लागलेला निघाला तर दुकानात जाऊन नंबर बदलून घ्या, मगच हजार पाकिटांची ऑर्डर द्या.